सही उज्वला शेवाळेची

उज्वला शेवाळेने एकवीस वर्षांत न मोजलेल्या मालावर एकदाही सही केली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगत नसे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यातले लोकच सांगत, आणि तेही कौतुकाने नव्हे, वैतागून. गाडी फाटकात येऊन उभी आहे, माल रवाना करणारा रंगनाथ कपाळाला हात लावून बसलाय, आणि ही बाई आपली टेबलाशी बसून एकेक बुश उचलतेय, गेज घालतेय, काढतेय, बाजूला ठेवतेय. जरा हात उचला म्हटलं की म्हणायची, "घाई केली म्हणून होल मोठं होत नाही."

बुश म्हणजे बोटभर लांबीचा, आतून पोकळ असा लोखंडी तुकडा. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत तो ट्रकच्या ब्रेकमध्ये बसे. त्याच्या पोकळीत गेजची, म्हणजे मापाच्या दांड्याची, एक बाजू सहज जायला हवी आणि दुसरी अजिबात जाता कामा नये, एवढीच त्याची परीक्षा. शाळकरी पोरालाही जमेल अशी. पण ती रोज, शेकडो वेळा, डोकं ठिकाणावर ठेवून घ्यायची म्हणजे काय असतं हे फक्त घेणाऱ्यालाच कळतं.

मोजण्याचं हे वेड तिच्यात माहेराहून आलेलं. वडील पुंजाराम नांदगावच्या बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या मध्ये काटा धरून उभा राहणारा माणूस दोघांच्याही शिव्या खातो, तशा त्यांनीही चाळीस वर्षं खाल्ल्या. पण त्यांनी केलेलं वजन कुणी दुसऱ्या काट्यावर नेऊन तपासलं नाही. उज्वला लग्न करून नाशिकरोडला आली. नवरा हिरामण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. ती अंबडला आधी पॅकिंगमध्ये लागली. खोक्यात बुश भरता भरता तिसऱ्या वर्षी एक दिवस तिने सगळा लॉट बाजूला काढला आणि म्हणाली की हे बोटाला बरोबर लागत नाहीत. सगळे हसले. मालक शेखर शेठ तेव्हा स्वतः लेथवर उभे राहत. त्यांनी हात पुसून चार बुश मोजले, चारही नापास निघाले, आणि त्या दिवसापासून उज्वला तपासणीच्या टेबलावर आली ती आलीच.

मग दोन वर्षांपूर्वी कारखाना हुशार झाला. म्हणजे माणसं होती तेवढीच हुशार होती, पण मशिनांना सेन्सर लागले, कागदी कार्डं गेली, टॅब आले आणि मधल्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही लागला. ईआरपी नावाचं सॉफ्टवेअर आलं, त्याला सगळे नुसतं 'सिस्टीम' म्हणत. सळई स्टोअरमधून निघाल्यापासून खोकं गाडीत चढेपर्यंत काय कुठे आहे ते सिस्टीमला ठाऊक. तपासणीचा हिरवा शेरा पडल्याशिवाय चलन छापलंच जायचं नाही. हे सगळं आणलं ते सुयश सरांनी. हे प्रॉडक्शन मॅनेजर, बत्तीस वर्षांचे, कामाला वाघ, फक्त टीव्हीवरचा आकडा लाल झाला की त्यांचा चेहराही लाल व्हायचा.

एकच गोम होती. सिस्टीममध्ये जितकी नावं घालायची तितके सॉफ्टवेअरवाले जास्त मागत. शेठनी मोजून सात नावं घेतली आणि तपासणीच्या वाट्याला एकच आलं. तीन पाळ्यांना तपासणारे तिघे, नाव एक: उज्वला शेवाळे. मग बाकीच्यांनी काय करायचं? तिचंच नाव घालायचं, तिचाच पासवर्ड टाकायचा. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यांना जरा विचित्र वाटलं, दुसऱ्या आठवड्यात कुणाला काहीच वाटेनासं झालं. महिन्याभरात तर कारखान्यात बोलायची रीतच पडली. माल झाला का? झाला. मग उज्वला टाक. पाळी सुटायच्या आत उज्वला टाकून मोकळा हो. तपासणारा जागेवर नसला तर रंगनाथही टाकायचा, आणि सुयश सरांनी स्वतःही दोनचारदा टाकली होती.

उज्वलाला हे खटकायला हवं होतं. खटकलं नाही, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. उलट तिन्ही पाळ्यांत भिंतीवर आपलं नाव झळकतं याची तिला आतून गंमत वाटायची. मॅडम घरी जातात की नाही, असं कुणी चिडवलं की ती हसायची. पॅकिंगमधून आलेल्या बाईचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, तेही इंग्रजीत. माणूस आहे, सुखावणारच.

फाल्गुनात पुंजाराम गेले. दहाव्याला सगळे नांदगावला नदीकाठी जमलेले, पिंड ठेवलेला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार बसलेत, एकही खाली येत नाही. भावाने हात जोडून झालं, चुलत्यांनी सांगून झालं की घराचं सगळं नीट करू. तेवढ्यात उज्वलाचा फोन थरथरला. रंगनाथ होता. गाडी भरलीय, सुयश सर डोक्यावर बसलेत, तपासणीचा दुसरा माणूस आजारी पडून घरी गेलाय, तिसरा रात्रपाळी करून झोपलाय, दोघेही फोन उचलत नाहीत आणि नवा पासवर्ड इथे कुणालाच माहीत नाही. सिस्टीम दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायची, आणि वडील दवाखान्यात असताना तिने त्यांचंच नाव घातलं होतं. पदर तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "पुंजाराम, एक्कावन्न." मागच्या बायकांना वाटलं, लेक बापाला हाक मारतेय. त्याच वेळी कावळा खाली उतरला. जीव हिच्यातच अडकला होता म्हणून सगळ्यांनी डोळे पुसले. तिनेही पुसले, आणि फोन विसरून गेली.

पंधरा दिवसांनी सुयश सरांनी तिला बोलावलं. चाकणला त्या दिवशीच्या लॉटमधले तीनशेच्या वर बुश अडकले होते. मशिनचं टूल झिजलेलं, होल बारीक पडलेली, पिना आत जाईनात. गाड्यांची लाइन दोन तास बंद पडली. सिस्टीमने एका क्षणात सगळं काढून दिलं होतं: लॉट कोणता, मशिन कोणतं, वेळ सकाळी दहा सत्तेचाळीस, तपासणी उज्वला शेवाळे. चाकणला आता लेखी खुलासा हवा होता. सरांनी तो तयारच ठेवला होता. कारण, निरीक्षकाचा हलगर्जीपणा. उपाय, निरीक्षकाला समज देण्यात आली. खाली तिच्या सहीची जागा.

तिने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली की त्या दिवशी मी नांदगावला होते.

"मला माहीत आहे, मॅडम," सर म्हणाले. "तुमची रजा मीच मंजूर केली. पण सिस्टीमला माहीत नाही ना."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा नुसता कागद आहे. सगळे कारखाने हेच लिहून देतात. चाकणला एक नाव लागतं, फाइल बंद होते, तुमच्या पगाराला, जागेला कशालाही धक्का लागणार नाही. आणि खरं लिहायचं तर तपासणीच झाली नाही असं लिहावं लागेल, मग ऑर्डर जाईल, अडीचशे माणसं घरी बसतील. तुम्हाला ते चालेल का?

उज्वलाला ते चालणार नव्हतं. पण सहीही होईना. एकवीस वर्षं जे केलं नाही तेच केलं असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, आणि का, तर सोपं पडतं म्हणून. तिला राग आला. थोडा सरांवर, थोडा त्या टीव्हीवर, आणि बराचसा स्वतःवर. नदीकाठी, बापाच्या पिंडासमोर, त्या मापाड्याचं नाव तिने न मोजलेला माल पास करायला दिलं होतं. तिने कागद सरांकडे सरकवला आणि सही करणार नाही एवढंच सांगून टेबलावर परत आली.

जेवणाच्या सुट्टीत रंगनाथ आला. डबा न उघडता समोर बसला. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, वसाहतीत तीस वर्षं हमाली करत करत तो या खुर्चीपर्यंत पोचलेला.

"ताई, तुमी सही करून टाका," तो खाली बघत म्हणाला. "तुमाला कोन काय करनार हाय? माझं नाव निघालं तर मला उद्याच घरी बसवत्याल. बटन मी दाबलं खरं, पन दाब म्हनलं ते मी नाय."

"दाब म्हणलं कोण ते मला माहितीय," ती म्हणाली. "रंगनाथभाऊ, तुमचं नाव मी घेणार नाही. पण माझंही देणार नाही."

मग नाव कुणाचं, हा प्रश्न दोघांनाही पडला होता. तिने त्याच्या डब्याचं झाकण उघडून दिलं. जेवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हिरामणने तिला समजावायचा प्रयत्न केला. एवढं ताणू नकोस, सही कर आणि सोड, आमच्याकडे असले कागद रोज फिरतात. त्याला वाटत होतं तेच तो बोलत होता, त्यात तिचं वाईट व्हावं असं काही नव्हतं. तिने त्याला एकच विचारलं: तुझ्या नावाने दुसऱ्याने स्विच टाकला आणि कुणी भाजलं, तर तू सही करशील का? हिरामणने कप खाली ठेवला आणि तिच्या बसची वेळ झाली असं सांगितलं.

त्या दिवशी कारखान्यात पोचताच तिने पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलायचं. आणि तो कुणालाही सांगितला नाही.

साडेनऊला टीव्हीचा एक कोपरा लाल झाला, दहाला अर्धा आणि अकराला सगळा. खोकी तयार, गाड्या उभ्या, आणि हिरवा शेरा पडेना म्हणून एकही चलन छापलं जाईना. पॅकिंगमधला एक जण टाकायला गेला, उज्वला पडेना. रंगनाथने जुना पासवर्ड तीनदा टाकला. सुयश सर धावत आले तेव्हा ती टेबलावर शांतपणे बुश मोजत होती. ती म्हणाली की मी मोजतेय, मोजून झालं की टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी गेज घेऊन शेजारी बसावं. दुसरा एक गेज तिने खरंच पुढे केला. सरांनी तो घेतला नाही.

चार दिवस असंच चाललं. सकाळी लवकरची बस धरायची, संध्याकाळी सगळ्यांच्या मागून निघायचं. बाकीचे दोघे तपासणारे मोजून ट्रे तिच्यापुढे ठेवत, त्यांच्या मालातले पाच पाच बुश ती स्वतः पुन्हा बघे आणि मगच शेरा टाके. तिसऱ्या दिवशी एक अख्खा लॉट तिने अडवला, त्यात चौदा नापास निघाले. तो गेला असता तर चाकणहून दुसरा कागद आला असता, पण त्याबद्दल कुणी तिचे आभार मानले नाहीत. माणसं चिडलेलीच होती. बाईच्या डोक्यात हवा गेलीय, असं कँटीनमध्ये तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं गेलं. तिनेही ऐकू जाईल एवढ्या आवाजात अजून एक चपाती मागून घेतली.

मग शेखर शेठनी बोलावलं. शेठ आता लेथवर उभे राहत नसत, त्यांचा बहुतेक दिवस फोनवर जाई. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"उज्वला, तुला पॅकिंगमधून मी उचललं," ते म्हणाले. "एक फोन केला तर सिस्टीममधून तुझं नाव निघेल. दुसऱ्याचं घालीन. मग काय करशील?"

"काढा की, शेठ. मला बरंच आहे," ती म्हणाली. "पण ज्याचं घालाल त्याला आधी सांगा, की तू घरी असतानाही तुझी सही होत राहील. हे ऐकून जो हो म्हणेल त्याचं घाला."

शेठनी फोन केला नाही. त्यांना ते पटलं म्हणून नव्हे. सोमवारी चाकणहून माणूस येणार होता आणि त्याच्यासमोर हे नाव लागणार होतं.

आली ती तेजल नावाची इंजिनिअर, सत्तावीस वर्षांची, लॅपटॉप आणि मोजायची स्वतःची पेटी घेऊन. सुयश सरांनी सकाळीच उज्वलाला पढवलं होतं. तुम्हाला एकच प्रश्न येईल, तुम्ही फक्त 'हो, चूक झाली, पुन्हा होणार नाही' एवढं म्हणा. सहा शब्द, मॅडम, अडीचशे घरं. ती बुश मोजत राहिली, तेच त्यांनी होकार धरून घेतलं.

मीटिंगच्या खोलीत शेठ होते, सर होते, दाराशी रंगनाथ फाइल धरून उभा होता. तेजलने पडद्यावरचं नाव वाचून विचारलं की उज्वला शेवाळे आपणच ना, आणि हा लॉट तुम्हीच पास केलात ना.

"नाही," उज्वला म्हणाली.

सर खोकले. ती त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. त्या दिवशी ती वडिलांच्या दहाव्याला नांदगावला होती. इथून फोन गेला आणि तिने पासवर्ड सांगितला. कारखान्यात तपासणीला एकच नाव आहे, ते सगळेच वापरतात, ती स्वतःच वापरू देत आली. "ती चूक माझी आहे," ती म्हणाली. "पासवर्ड दिला म्हणून लिहा, त्याच्याखाली मी आत्ता सही करते. पण मोजण्यात हलगर्जी केली असं लिहाल तर करणार नाही. मी ते बुश बघितलेसुद्धा नाहीत."

"मग मोजले कोणी?" तेजलने विचारलं.

दाराशी फाइलचा कागद वाजला. उज्वलाने तिकडे मान वळवली नाही.

"कोणीच नाही."

"मला या रकान्यात कारण लिहायचंय."

"तेच लिहा ना, ताई. कोणीच मोजलं नाही. जे झालं ते एवढंच आहे. बटण कुणाच्या बोटाने दाबलं ते शोधलंत तर एक बोट सापडेल, आणि पुढच्या महिन्यात दुसरं बोट दाबेल."

शेठ टेबलाकडे बघत होते, सर शेठकडे. तेजलने त्या दोघांकडे बघितलं, कुणी नाही म्हणतंय का याची वाट बघितली, आणि कुणी म्हणेना तेव्हा पडद्यावरचं 'निरीक्षकाचा हलगर्जीपणा' पुसून नवीन ओळ लिहिली. तपासणी न होताच माल पाठवला गेला. मग तिने उपाय सांगितले, आणि ते सांगताना तिचा आवाज अजिबात गोड नव्हता. आठवड्याच्या आत तपासणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं नाव. आणि पुढचे तीन महिने प्रत्येक लॉटला तपासणाऱ्याच्या शेऱ्याखाली दुसरा शेरा, मालकाच्या नावाने. शेवटच्या ट्रेमधले पाच बुश मालकाने स्वतः बघायचे. हे झालं तर ऑर्डर चालू राहील. तीन महिन्यांत पुन्हा असं काही आलं तर बंद.

पासवर्ड दिल्याबद्दल उज्वलाला लेखी समज मिळाली. तिने ती वाचली, तारीख घातली आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. सुयश सरांना वाटलं होतं की इथेही ती अडून बसेल. त्यांनी कागद घेतला आणि फाइलला लावला. रंगनाथने मात्र दुपारी तिच्या टेबलावर द्राक्षांचा पुडा आणून ठेवला आणि निघून गेला.

शेठ तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सात नावांची दहा झाली. भिंतीवरच्या टीव्हीवर आता दिवसभरात तिघांची नावं यायची, आणि उज्वलाचं फक्त तिच्या पाळीत. तिला ते थोडं सुनं सुनं वाटलं, खोटं कशाला बोला. पण तिचं नाव दिसे तेव्हा मोजलेलं तिनेच असे.

नवीन पद्धतीचा पहिला लॉट गुरुवारी दुपारी चारला तयार झाला. उज्वलाने मोजला, तिचा शेरा पडला. रंगनाथ टॅब घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेला आणि त्याच्या मागोमाग ती पाच बुश आणि गेज ठेवलेला ट्रे घेऊन गेली. शेठ फोनवर होते. कुणाशी तरी जोरात हसत होते. बोलता बोलताच त्यांनी डावा हात लांब केला, रंगनाथने सवयीने टॅब पुढे धरला, आणि शेठचं बोट पडद्याकडे निघालं.

"शेठ, मोजलंत का?"

बोट थांबलं. शेठनी फोनवर हात ठेवला.

"तू मोजलंस ना?"

"मी मोजलं. वर माझं नाव आलंय," उज्वला म्हणाली. "खाली तुमचं येणार आहे."

शेठनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. तिनेही नजर खाली केली नाही. तिने ट्रे त्यांच्यासमोर ठेवला आणि गेज त्यांच्या उजव्या हाताशी. मग शेठ फोनवरच्या माणसाला नंतर बोलतो म्हणाले, खिशातून चष्मा काढला आणि पहिला बुश उचलला. बाहेर गाडी हॉर्न देऊ लागली. रंगनाथ चुळबुळला. उज्वला जागची हलली नाही. पाचवा बुश ट्रेमध्ये परत पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.